गुडघे दुखणाऱ्यांसाठी शिवारातली वाट

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. आई अडुसष्ट वर्षांची, जिना उतरताना गुडघा धरते. मुलगा नऊ वर्षांचा. गड चढणं आईला झेपत नाही आणि बागेत गोल गोल फिरायचा मुलाला कंटाळा. तेव्हा एखाद्या गावाच्या सपाट शिवारातून दोन-अडीच तास चालता येईल का, कुठं, कोणत्या महिन्यात, आणि लोकांच्या शेतांतून असं पाहुण्यांनी गेलेलं चालतं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझी सगळी नोकरी त्यातच गेली. भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक होतो. शिरोळ, हातकणंगले, मिरज या बाजूची रानं आधी शंकू-साखळीनं, मग फलकयंत्रानं आणि शेवटची काही वर्षं तिवईवरच्या यंत्रानं मोजली. निवृत्त झाल्यावर पाय घरात बसेनात. मग आधी नातेवाइकांना, पुढं त्यांच्या ओळखीच्यांना शिवारफेरीला नेऊ लागलो. त्यात सत्तरी ओलांडलेली माणसं बरीच असतात, म्हणून तुमच्या आईंची काळजी मला नवी नाही.

सपाट रान म्हणजे सोपी वाट, ही समजूत मात्र आधी काढून टाका. चढ नाही हे खरं. पण डोंगरात वाट चुकली तर माणूस उंचावर जाऊन बघतो. इथं चढायला उंच काही नसतं. ऊस डोक्याच्या दुप्पट झाला की पलीकडच्या सरीतला माणूस दिसत नाही, गावाच्या देवळाचं शिखर दिसत नाही, आणि सूर्य माथ्यावर आला की दिशाही कळत नाही. तीस वर्षं नकाशा हातात धरलेला माणूस मी, तरी मीसुद्धा उसात चुकलोय. म्हणून आमच्याकडं फिरायला यायचं तर हिशेब चढ-उताराचा नाही, पिकाच्या उंचीचा करायचा.

आता वाटेचं. शेतातून जाता येतं का, तर पाणंदीतून बेलाशक जा, बांधावरून विचारून जा, आणि सरीतून जाऊच नका. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या रानांमधून गेलेला, गाडी जाईल असा गावाचा रस्ता. ती कुणा एकाची नसते. गाव नकाशावर ती दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकाच तुटक रेषेनं दाखवलेली असते ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. आता हे गाव नकाशे महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांची, म्हणजे क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांची, जाळी समोर येते. निघायच्या आदल्या रात्री मुलाला शेजारी बसवून तो नकाशा बघा. कुठला गट लांबट, कुठला तिरका, नदीकाठच्या पट्ट्या कशा अरुंद आणि काठाला काटकोनात, हे त्याला तुमच्याआधी दिसेल.

कागदावरची पाणंद रानात तेवढीच रुंद असेल अशी आशा मात्र धरू नका. दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकतं आणि वीस वर्षांत बैलगाडीचा रस्ता सायकलचा होतो. त्यावरून जे तंटे होतात त्यांना अंत नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं जाता येतं, आणि शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो. हे तुम्हाला लागणार नाही, पण एवढ्यासाठी सांगतो की बांध ही आमच्याकडं भावाभावांतली दुखरी जागा आहे. त्यावर अनोळखी माणूस हातात मोबाईल आडवा धरून उभा राहिला, की तो मोजणीवाला किंवा महामार्गाच्या सर्व्हेवाला ठरतो. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात आमचा कोल्हापूर जिल्हा किती तापला होता ते तुम्ही वाचलंच असेल. तेव्हा फोटो काढायच्या आधी रामराम घाला. "मामा, पाणंदीनं जरा पुढपर्यंत जाऊन येतो" एवढं म्हटलं की काम होतं. वर "कुठलं पावणं?" असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं, नुसतं "पुण्याचे" म्हणून सुटायचं नाही. मूळ गाव, आडनाव, इकडं कुणाची सोयरीक, सगळं विचारतील. त्यात दहा मिनिटं जातात, ती फेरीतच धरा.

जागा म्हणाल तर मी तुम्हाला खिद्रापूर सुचवेन. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. पलीकडच्या काठाला कर्नाटकातलं जुगुळ. रेल्वेनं मिरजेला किंवा जयसिंगपूरला उतरायचं. गाडीनं येणार असाल तर नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी असं यायचं. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर. गावात कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे आणि लोक गाडीतून उतरून तेवढंच बघतात, परत गाडीत बसून वाडीची बासुंदी खायला जातात. शिवार कुणी बघत नाही. त्यामुळं तिथं चालणाऱ्याला गर्दी म्हणून लागत नाही.

महिना कोणता, यावर मी भांडेन, कारण बहुतेक लोक चुकीच्या वेळी येतात. पावसाळ्यात हिरवं असतं म्हणून येतात. जून ते सप्टेंबर या बाजूला फिरायला येऊच नये. कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली कसं चढलं ते आमच्या तालुक्यातल्या भिंतींना विचारा. पुष्कळ घरांवर पाण्याची रेघ अजून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा बरी असते, पण रान बंद असतं. आडसाली ऊस आदल्या पावसाळ्यात लावलेला, तो तेव्हा पंधरा महिन्यांचा होऊन डोक्यावर गेलेला. दोन हिरव्या भिंतींमधून चालल्यासारखं होतं. डिसेंबरात त्याला तुरे येतात, तेव्हा पहाटेच्या उन्हात तो रुपेरी दिसतो खरा, फोटोवाल्यांना आवडतो. पण चालणाऱ्याला दिसतं काय, तर तुरे.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत या. कारखाने नोव्हेंबरापासून चालू असतात, निम्मा ऊस तोडून झालेला असतो, आणि मधेच एकेक फड मोकळा झाल्यानं एकदम अर्ध्या मैलावरचं झाड दिसू लागतं. गहू ओंबीवर आलेला, हरभरा घाट्यांनी भरलेला, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना, नवे कोंब फुटलेले. एका फेरीत उसाची चारही वयं बघायला मिळतात: नुकतं लावलेलं कांडं, गुडघाभर खोडवा, डोक्यावरचा पूर्वहंगामी आणि तोडणीला आलेला आडसाली. फेब्रुवारीच्या अखेरीला ऊन चढतं आणि तोडणीनंतर रानात उरलेलं वाळकं पाचट पेटवायला सुरुवात होते. ते आम्ही करू नये असं कृषी खातं सांगून थकलं, तरी लोक करतात. धूर दिसला तर वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला राहा आणि वाट बदला. पेटलेल्या फडाशेजारच्या पाणंदीतून जायचं धाडस अजिबात नको.

चिखलाबद्दल मात्र मी माझ्याच फजितीवरून सांगतो. एका वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला साडू आले होते, पायात नवेकोरे बूट. परतीचा पाऊस थांबून दोन दिवस कडक ऊन पडलेलं, वरून पाणंद खडखडीत दिसत होती. मी म्हटलं, चला. शंभर पावलं ठीक गेली. मग पापुद्रा फुटला. काळी माती वरून वाळते, आतून लोण्यासारखी राहते. साडूंचा पाय घोट्यापर्यंत गेला, वर आला तो बुटाशिवाय. बूट हातानं उपसून काढला. पुढं प्रत्येक पावलाला माती चढत गेली, तळव्याखाली वीतभर जाड थर, त्याला पाचट चिकटलेलं. हत्तीच्या पायांनी चालतोय असं ते म्हणाले. त्यानंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. पाण्याच्या मोटारीच्या पेटीजवळच्या कट्ट्यावर बसून आम्ही काडीनं बूट खरवडले. एक किलोमीटर परत यायला पावणेदोन तास लागले. चूक माझी. एवढी वर्षं रानात काढून मी टाच दाबून बघितली नव्हती. ती बघायची रीत अशी: पाणंदीच्या तोंडाशी टाच जोरात रोवा. खड्ड्यात ओल चमकली तर परत फिरा. शंका असेल तर बोटभर खालची माती उचलून तळव्यांत वळा. न तुटता सुतासारखी वळी झाली तर त्या दिवशी देऊळ बघा आणि घरी जा.

गुडघ्यांसाठी मुख्य गोष्ट म्हणजे चाकोरी धरायची. पाणंदीत ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी दोन पट्टे दाबलेले असतात आणि मधे गवताचा उंचवटा राहतो. लोक हौसेनं त्या गवतावरून चालतात. तिथं नऊ वाजेपर्यंत दव असतं, खाली ढेकूळ आहे की बीळ ते दिसत नाही, आणि साप असलाच तर तिथंच असतो. दाबलेल्या पट्ट्यातून चाला. तो जवळजवळ फरशीसारखा असतो. आईंना एक काठी द्या. आधाराला कमी, पुढं आपटत जायला जास्त उपयोगी पडते. बूट घोटा झाकणारे, बाह्या पूर्ण. उसाचं पातं कागदासारखं कापतं, आणि देठाजवळची बारीक कुसं बोटांत शिरली की दिवसभर आठवण देतात. पाणी प्रत्येकी लिटरभर. आणि शिवारात आडोसा ही बायकांसाठी मोठी अडचण असते, तेव्हा निघायच्या आधी गावातच सोय बघून घ्या. हे कुणी लिहीत नाही, पण म्हाताऱ्या माणसांची अर्धी फेरी याच काळजीत जाते.

सकाळी सातला देवळापाशी गाडी लावा. जानेवारीत तेव्हा नुकतं उजाडतं, आणि नदीवरून धुकं रानात सरकलेलं असतं. नदी पाठीशी ठेवून शिवाराकडं निघा. चांगल्या रस्त्यावर धडधाकट माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. तुमच्या तिघांचा वेग अडीचच्या पुढं धरू नका. म्हणजे अडीच तासांत थांबत-थांबत पाच किलोमीटर, तेवढं भरपूर झालं. अर्ध्या वेळेला परत फिरायचं, मग पुढं कितीही बघावंसं वाटो. सपाट वाटेवर दमलेलं पटकन कळत नाही आणि परतीचे दोन किलोमीटर अंगावर येतात.

मुलाला कंटाळा येऊ नये म्हणून माझी एक जुनी युक्ती आहे. आमची मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. त्याला घरी टेपनं तेहेतीस फूट मोजून द्या आणि त्यात आपली किती पावलं बसतात ते मोजायला सांगा. मोठ्या माणसाची तेरा-चौदा, त्याची एकोणीस-वीस होतील. मग पाणंदीच्या कडेला दिसलेलं कुठलंही रान तो दोन बाजू पावलांनी मोजून गुंठ्यांत सांगू शकतो. शेताच्या मालकाला जाऊन विचारायचं: "काका, हे बावीस गुंठे का?" मालक चाट पडतो. एकदा माझ्यासोबतच्या एका पोरानं असं सांगितलं, तर मालक म्हणाला, "सातबाऱ्यावर चोवीस हायत. दोन गुंठं कुठं गेलं ते माझ्या चुलतभावाला विचार." शंभर साखळ्या म्हणजे एक किलोमीटर आणि वर सहा मीटर, हेही त्याला सांगून ठेवा. परत येताना आजीला किती साखळ्या उरल्या ते तोच मोजेल.

चालताना जमिनीकडं बघत चला, नुसतं पायाखाली नव्हे. हे सगळं सपाट रान नदीनं केलेलं आहे. दर पुराला गाळ पसरत गेला आणि काठाला मऊ, राखट मळीचं रान तयार झालं. कृष्णाकाठची वांगी म्हणून जी नावाजली आहेत ती याच मातीची. काठापासून आत गेलं की माती काळी, भारी होते. आणि मग अधेमधे एखादं रान दिसेल ज्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर आहे, ऊस वीतभर वाढून पिवळा पडलाय, मधे लव्हाळा माजलाय. मुलगा विचारेल, इथं चुना कुणी टाकला? तो चुना नाही, मीठ आहे. आमच्याकडं त्याला रान फुटलं म्हणतात, कागदावर क्षारपड. उसाला पाटानं पाणी सोडत राहायचं, जमीन सपाट म्हणून ते निघून जात नाही, जमिनीखालचं पाणी वर-वर येतं. उन्हानं वरचं पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. कंदिलाच्या वातीतून तेल चढतं तसं ते चढतं. चढ नाही म्हणून ज्या जमिनीवर आपण सुखानं चालतो, तीच जमीन निचरा नाही म्हणून मरते. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या गटांत कारखान्याला हेवा वाटावा असा ऊस मोजला, त्यातल्या काहींत नंतर बाभळसुद्धा धड येईना.

आता त्यावर उपाय होतोय. जमिनीखाली चार-पाच फुटांवर भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप ठरावीक अंतरानं पुरतात, ते मोठ्या पाइपला जोडतात आणि खारं पाणी ओढ्याला नेऊन सोडतात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांची शेकडो एकर रानं अशी एकत्र करून धुतली. एकट्याचं काम नाही ते. मधल्यानं पाइप जाऊ दिला नाही तर सगळं अडतं. चालता चालता रानात एखादी सिमेंटची गोल टाकी जमिनीतून डोकं वर काढलेली दिसली, तर वाकून ऐका. आत थेंब थेंब पाणी पडत असतं. चव बघायची असेल तर बोट बुडवून जिभेला लावा, गिळू नका. माझ्याबरोबरच्या प्रत्येक पोरानं हे केलंय आणि प्रत्येकानं तोंड वाकडं केलंय.

पक्षी बघायला वेगळं जावं लागत नाही. ट्रॅक्टर नांगरत असला की मागं गायबगळ्यांची वरात असते. तारेवर वेडा राघू, बांधावर टिटवी. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले खोपे लटकत असतात. वाऱ्यानं खाली पडलेला एखादा मिळाला तर मुलाला आत दोन खण कसे ते दाखवा. उसाच्या कडेनं तांबूस पंखांचा मोठा काळा पक्षी पायीच चालत गेला तर तो भारद्वाज. त्याचं दर्शन झालं की आमची आई घरी काहीतरी गोड करायची.

गुऱ्हाळ चालू असेल तर थांबा. पूर्वीइतकी आता राहिली नाहीत, पण चिपाडाचा धूर आणि तो वास दुरूनच कळतो. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत असतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मग गुळव्या नुसता बुडबुड्यांकडं बघत असतो. पाण्यात थेंब सोडून बोटांनी गोळी करतो, ती खणकन वाजली की हात वर करतो आणि आधण उतरतं. तापमापक कुणी वापरताना मी पाहिला नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुळव्याच्या बोटांना काय मानांकन देणार! पोराला काहिलीपासून दोन हात लांब धरा, तो पाक भाजला तर कातडं सोबत घेऊन निघतो. गरम काकवी देतील, नाही म्हणू नका. पैसे देऊ केले तर रागावतील; त्याऐवजी एखादा किलो गूळ विकत घ्या.

जपण्याच्या गोष्टी. तुम्ही सापाबद्दल विचाराल हे मला माहीत आहे. घोणस आणि नाग आमच्या रानात आहेत, उंदीर आहेत तिथं ते असणारच. पण काठी आपटत चाकोरीतून चालणाऱ्याला मी अजून साप डसलेला पाहिलेला नाही. डसतो तो पाचटात हात घालणाऱ्याला आणि रात्री पाणी पाजणाऱ्याला. मला सापापेक्षा भीती उसाच्या ट्रॉल्यांची वाटते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही हेलकावत, ड्रायव्हरच्या कानाशी गाणी. मागची ट्रॉली वळणावर पुढचीच्या मागं सरळ येत नाही, आतल्या बाजूला येते. ट्रॅक्टर आला की वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रानात दोन पावलं उतरून उभं राहायचं आणि दुसरी ट्रॉली जाईपर्यंत हलायचं नाही. मुलगा ऊस ओढून घ्यायला मागं धावेल, त्याला आधीच बजावून ठेवा.

कुत्री वस्तीवर असतात, पाणंदीत नसतात. अंगावर आली तर पळू नका, जागेवर थांबून घराकडं तोंड करून "कुणी हाय का घरात?" म्हणून हाक मारा. घरची बाई बाहेर आली की कुत्रंही गप्प आणि चहाही ठरलेला. फवारणी चालू असेल तर वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं जा. आणि नदी. कृष्णेत मगरी आहेत. सांगलीपासून खाली या पट्ट्यात त्या दिसतात आणि माणसांवर हल्लेही झालेत. घाटाच्या वरच्या पायरीवरून पाणी बघा, पाय सोडून बसायची हौस करू नका. गावातल्या बायका धुणं धुताना दिसतील. त्यांना कुठं उभं राहायचं ते कळतं, तुम्हाला कळत नाही.

जवळच राजापूरचा बंधारा आहे, कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. पुराच्या दिवसांत बातम्यांत "राजापुरातून इतके क्युसेक" म्हणतात तो हाच. कोल्हापूर पद्धतीचा: दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालतात, पावसाआधी काढतात. हिवाळ्यात त्यामुळं नदी तुडुंब आणि स्थिर दिसते, वाहते आहे असं वाटतच नाही. काठाला मोटारींच्या पाइपांची रांग बघितली की फुटलेल्या रानांचं गणित तिथंच सुटतं. चालत जाऊ नका, गाडीनं परतताना बघा. बंधाऱ्यावर पोराला मोकळं सोडू नका.

साडेनऊला देवळात परत या. ऊन तापलेलं असतं आणि आतला दगड थंड. स्वर्गमंडप म्हणतात त्या अठ्ठेचाळीस खांबांच्या मंडपाला मधे छतच नाही. वर सुमारे तेरा फुटांचं गोल आकाश आणि खाली तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांब. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर वर येतो तेव्हा इथं खूप गर्दी असते. सकाळी उन्हाचा तुकडा तिरका पडतो आणि तासाभरात खांबांवरून खाली उतरतो. समोर नंदी नाही हे मुलाच्या लक्षात येईल. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं गावकरी सांगतात. मला स्वतःला या देवळात सगळ्यात जवळचा वाटतो तो सिंघण यादवाचा शके ११३६ चा शिलालेख, देवाला गाव दान दिल्याचा. आठशे वर्षांपूर्वीचा जमिनीचा कागदच तो. त्या गावाची मोजणी कुणी केली असेल, कोणत्या काठीनं, हा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

आईंना त्या गोल शिळेच्या कडेला खांबाला टेकून अर्धा तास बसू द्या. बूट काढलेत तर पायांना बरं वाटेल. मुलाला सांगा, शिळेचा घेर पावलांनी मोज. आणि येणार असाल तर एखादा मंगळवार-बुधवार बघा. सोमवारी देवळात गर्दी असते, आणि रविवारी गाड्यांतून उतरणारे एवढे असतात की गुऱ्हाळवाला काकवी द्यायची बंद करतो.